तो दिवस फार आनंदात गेला

पेंगहू बेटांवरच्या आमच्या शाळेत को सु-चिन बाई तिसरीला निबंध शिकवतात आणि शेजारच्या टेबलावर बसून मी गणिताच्या वह्या तपासतो. निबंधातल्या चांगल्या शब्दांशेजारी लाल वर्तुळं काढायची आमच्याकडची जुनी रीत. को बाई फक्त वर्तुळंच काढतात, काट मारतच नाहीत. मला हे नसते लाड वाटायचे.

"बाई, चुका तशाच सोडता? शाई घरून आणावी लागते की काय?"

"सर, लहानपणी माझी वही गोवर आल्यासारखी लाल होऊन परत यायची. निबंधाचा तास आला की माझं पोट दुखायचं. चुका काय, चौथीतही सापडतील."

यंदा त्यांच्या वर्गात लू पेइ-यू आली. पहिलं अख्खं सत्र तिने कोरे कागद दिले. "मला लिहिता येत नाही," एवढंच बोलायची. बाईंनी कोऱ्या कागदावरच्या तिच्या नावाशेजारी वर्तुळ काढलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला.

पण एका सोमवारी चार ओळी आल्या: 'बाबांबरोबर होडीतून गेले. मला उलटी झाली. बाबांनाही झाली. तो दिवस फार आनंदात गेला.'

मी खो खो हसलो. बाईंनी असं पाहिलं की मी गणिताच्या वहीत डोकं खुपसलं. त्यांनी पोरीला बोलावलं.

"उलटी झाली आणि आनंद?"

"शेवटी तेच लिहायचं असतं ना! नाहीतर मार्क कापतात."

"म्हणजे मजा आलीच नाही?"

"एकदाच आली. बाबा मला चिडवत होते, 'कोळ्याच्या पोरीला बोट लागते!' आणि मग तेच ओकले." पोर फिस्सकन हसली.

"अगं, मग हे कुठाय यात?" बाईंनी 'बाबांनाही झाली'शेजारी तीन वर्तुळं काढली. "एवढंच नीट सांग. शेवट तुला हवा तो कर."

दोन दिवस काहीच आलं नाही. बाई सारख्या दाराकडे बघायच्या आणि खरं सांगतो, मीही बघायचो. गुरुवारी पोरीने दोन पानं टेबलावर आपटली आणि धूम ठोकली. लाटा, डब्यात नेलेले भाताचे गोळे, बाबांचा हिरवा पडलेला चेहरा, सगळं होतं. चुकाही ढीगभर होत्या. शेवटची ओळ बाईंनी मलाच मोठ्याने वाचायला लावली:

'बाबा म्हणाले, कुणाला सांगू नकोस. म्हणून मी लिहून दिलंय.'