बोटीवरचा भोंगा

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बोट चालवण्यातलं सगळं येतं. कुणाचं ऐकणं तेवढं येत नाही. धक्क्यावर माझं दुकान आहे. बोटींवर दिवे, रेडिओ, जीपीएस बसवून द्यायचं. गिऱ्हाईक लांबून येतं, पण घरात माझी किंमत शून्य. "सूनबाई, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी ही खाडी ओलांडतोय," हे ऐकवलं की त्यांच्या लेखी वाद संपला.

आपल्या छोट्या लाँचमधून त्यांनी जन्मभर माणसं, सायकली आणि एकदा तर कुणाचं तरी आरशाचं कपाट पलीकडच्या काठाला नेलं. शेजारी कायम सासूबाई. "अहो, लाल दिसतोय लाल! आता हिरवा! झोपलात की काय?" हे काठापासून काठापर्यंत चालू. धक्क्यावर त्यांचं नावच पडलं होतं, भोंगा. बायकोला घरी ठेवायची या माणसात हिंमत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही त्यात सामील होऊन यथेच्छ खिदळले आहे.

मग सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. धक्क्यावरून बोटीत पाय टाकणं जमेना. त्यांच्या जागी मी जीपीएस बसवला, बाईच्या आवाजात वाट सांगणारा.

"घातलीस का सवत माझ्या उरावर?" सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी दुसऱ्याच दिवशी त्या सवतीचं तोंड बंद केलं. "नुसती वळा वळा करते बया. कामाचं एक बोलेल तर शपथ!" माझा असा संताप झाला! तिने आणखी काय बोलायला हवं होतं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

पुढे बोटीच्या बाजूचे दोन्ही दिवे खाऱ्या हवेने गेले. मी नवे दिले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, म्हणजे समोरच्याला आपली कुठली बाजू दिसतेय ते कळतं. हे नवे दिवे वरून सारखेच, पांढऱ्या काचेचे. रंग पेटवल्यावरच दिसतो. "मी बसवतो, तू नको नाक खुपसू," मामंजी म्हणाले. बसवले, पेटवून बघितले, "झकास!" म्हणून मोकळे झाले.

त्याच संध्याकाळी पलीकडचं काम उरकून मी त्यांच्याच बोटीने परत येत होते. अंधारून आलेलं. डावीकडून वाळूची बोट येत होती. तिला आमचा लाल दिसायला हवा होता, दिसला हिरवा. आम्ही उलट दिशेला चाललोय असं समजून ती सरळ आमच्या वाटेतच वळली. मामंजींनी इंजिन उलटं फिरवलं म्हणून वाचलो. तिचं नाक आमचा कठडा खरवडून गेलं, आणि बोटीत लेकरांचा एकच आकांत.

"ओ आजोबा, येताय का जाताय ते एकदा ठरवा!" वाळूवाला ओरडला.

मी वाकून बघितलं. "मामंजी, उजवीकडे लाल कसा?"

"हा?" ते दिव्याकडे बघत राहिले. "हा हिरवा ना गं?"



घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "त्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यापासून. मी काय हौस म्हणून घसा फोडत होते?"

"कुणाला सांगू नकोस, सूनबाई," मामंजी म्हणाले. त्यांनी माझ्याशी असं हळू आवाजात बोलायची ही पहिलीच वेळ. "बोट चालवणं सुटलं तर मी दिवसभर करू काय?"

मला रडू येत होतं आणि रागही. "आज लेकरं बुडाली असती. उद्यापासून सुकाणूच्या चाकाला हात लावायचा नाही. लावलात तर मी स्वतः धक्क्यावर ओरडून सांगेन."

मामंजी ताटावरून उठून गेले. सासूबाईंनी ते ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "चाक मला येतं."

"तुम्हाला?" मी विचारलं.

"अगं, इतकी वर्षं शेजारी बसून मी काय माशा मारत होते?"

परवान्यासाठी सासूबाईंचे डोळे तपासून झाले; मामंजींच्या वेळी ही पद्धतच नव्हती. चालवून दाखवतानाही त्यांनी परीक्षा घेणाऱ्या साहेबालाच नीट बसायला लावलं. बोटीत चढायला मी रुंद फळी टाकली. मामंजी पुढून ओढणार, मी मागून ढकलणार, आणि सासूबाई दोघांच्या नावाने शंख करणार. दिव्यांची अदलाबदल मीच केली.

पहिल्या संध्याकाळी सासूबाई उंच स्टुलावर, हातात चाक. शेजारच्या खुर्चीत मामंजी, चेहरा पार पडलेला. मी मागे उभी. बोट माणसांनी भरलेली. लांबवर एक दिवा दिसला. मामंजींनी तिकडे बोट दाखवत घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अगं, तो कुठला रंग? मला कळत नाही."

कुणी हसलं नाही. मी उगाच एक वायर चाचपत बसले, डोळे भरले होते म्हणून.

"हिरवा," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते बोट खाली घ्या, मला समोरचं दिसत नाहीये."