डोळे, दात, चार, नऊ

ऑफिसात तिला ‘चौकट’ म्हणत, तेही तोंडावर. वीस वर्षं ती वेबसाइटची पानं बांधत आलेली, आणि प्रत्येक पान टेबलात. आडवे-उभे खण पाडायचे, रेघा लपवायच्या, खणाखणात मजकूर ठासायचा. शेजारची नवी पोरगी ग्रिडवर, म्हणजे खण पडद्यावर हवे तिथं हलवता येणाऱ्या नव्या पद्धतीनं काम करायची. तिला ही म्हणे, “तुझे ते नव्याचे नऊ दिवस. माझं पान ओळंब्यात असतं.”

मंगळवारी थोरल्या बहिणीचा फोन आला आणि हिचं बूड खुर्चीला टेकेना. ताईची नजर गेलेली; फोनच तिला पान वाचून दाखवायचा. दवाखान्याच्या वेळांचं पान धाकटीनंच बांधलेलं.

“अगं, डोळ्यांचे डॉक्टर नऊला म्हणून मी गेले, तर समोर दातांचे! आ करा म्हणाले.”

“पान बरोबर आहे, ताई.”

“तुझ्या डोळ्यांना असेल. फोन म्हणतो, डोळे, दात, चार, नऊ. दातांच्या मागं चार आलं, म्हणजे डोळे नऊला. माझं काय चुकलं? आता गुरुवारी शेवटची पाळी, मग डॉक्टर महिनाभर नाहीत.”

वरच्या ओळीत डॉक्टर, खालच्या ओळीत वेळा. बघणाऱ्याला सरळ, ऐकणाऱ्याला खिचडी.

तिनं चहा ओतला, प्यायलाच नाही. दारापर्यंत गेली, परत आली. शेवटी मान खाली घालून पोरीकडून ग्रिड शिकली. दुपारी पान असं देखणं झालं की दृष्ट काढावी. ऐकलं, तर पुन्हा डोळे, दात, चार, नऊ!

“मॅडम, खण तुम्ही नुसते पडद्यावर हलवलेत,” पोरगी म्हणाली. “खाली मजकूर जुन्याच क्रमानं पडलाय. फोन तोच वाचणार.”

“म्हणजे रंग नवा, भिंत तीच.”

मग तिनं ग्रिडही काढून टाकलं. चिठ्ठी लिहावी तसा मजकूर एकाखाली एक लिहिला, पडदा बंद केला आणि पोरीच्या फोनवर ऐकला. पान चढवून ताईला फोन लावला.

“ऐक आता.”

पलीकडे फोन बडबडला. “डोळे, चार वाजता. दात, नऊ वाजता,” ताई म्हणाली. “दिसायला कसं आहे गं?”

“उघडंबोडकं.”

“असू दे. मला कुठं बघायचंय!”

ताई हसली. हिला हसू येईना. दवाखान्याचे मालक पाचला पान बघणार होते, आणि त्यांना ते देखणं हवं होतं. तिनं खुर्ची ओढली आणि पोरीला म्हणाली, “ये गं, आता याच क्रमावर तुझं ग्रिड चढव. पण दाखवायच्या आधी पडदा बंद करून ऐकायचं.”