शेअर रिक्षातली मधली सीट

आमच्या कॉम्प्लेक्समधून डोंबिवली स्टेशनला जायला पूर्वी बस होती. शीळ रस्त्यावरून आत येणारा आमचा रस्ता इतका उखडला की बस आत यायची बंद झाली. मग आम्ही तिघींनी मिळून एक रिक्षा ठरवली. पुढे ड्रायव्हरदादांच्या शेजारी कुणाला बसवायचं नाही, ही अट काकूंची. काकू ठाण्याच्या एका शाळेत शिकवतात. दुसरी आमच्या शेजारच्या विंगमधली, माझ्यापेक्षा बरीच मोठी, ठाण्यातच एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. तिला मी ताई म्हणायचे. मी फारसं बोलत नाही, आणि त्या दोघींनी ते कधी मनावर घेतलं नाही.

दिवस गेल्याचं ताईने आम्हाला रिक्षातच सांगितलं. याआधी एकदा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला होता, म्हणून डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेले. ऑफिस घरून काम करू देईना. सातवा महिना संपला की बाळंतपणाची रजा, तोवर रोज यायचं, जमत नसेल तर नोकरी सोडायची. नवरा नाशिकला, शनिवार-रविवार येणारा. "घरी बसले तर मी भिंतींशी भांडेन गं," ती म्हणाली. नोकरी तिला हवी होती आणि बाळही.

उपाय काकूंनी काढला. ताईला मधे बसवायचं. खड्डा आला की काकूंनी आणि मी दोन्ही बाजूंनी तिच्या मांड्यांखाली हात घालून एकमेकींची मनगटं पकडायची आणि तिला सीटवरून जरासं उचलून धरायचं. दादा खड्ड्याच्या आधी नुसतं "धरा" म्हणायचे. दादा इथल्या गावातलेच. आमच्या बिल्डिंगी आहेत तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती. एकदा म्हणाले, "माझा आजा चिखलातनं बैलगाडी न्यायचा, त्याचं बरं होतं गो. मागनं हॉर्न तरी वाजवत नव्हतं कोण."

पहिल्या दिवशी काकूंचं मनगट पकडताना मी इतकी अवघडले की त्या म्हणाल्या, चावत नाही मी. आमच्या घरी कुणी कुणाला सहज हात लावत नाही. आणि इथे रोज सकाळी एका बाईचं सगळं वजन माझ्या हातांवर यायचं. तेवढा वेळ ताई श्वास रोखून धरायची. मीसुद्धा. स्टेशनवर उतरेपर्यंत दंड भरून आलेले असायचे. एवढ्या हळू जायचो की ठरलेली गाडी रोजच चुकायची. काकूंना शाळेत बोलणी बसत होती. "पालखीच्या भोयांना लेट मार्क कोण लावतं, असं विचारणार आहे मुख्याध्यापिकेला," असं त्या म्हणायच्या. विचारलं मात्र कधी नाही.

सहावा महिना सरत आला आणि रस्ता बंद झाला. काँक्रीटचा करायचा म्हणून खणायला घेतला होता. आम्ही सगळे हेच तर मागत होतो. त्यामुळे ज्याच्यावर चिडावं असंही कुणी उरलं नाही.

गोदामांच्या मागून एक कच्ची वाट होती. दादांनी रिक्षा माणूस चालेल त्याहून हळू नेली. "धरा" म्हणायला त्यांना उसंतच मिळेना, एक खड्डा संपायच्या आत दुसरा. आमचे हात सुटले. पुन्हा धरले, पुन्हा सुटले. ताईने एक हात पोटावर ठेवला आणि म्हणाली, "दादा, वळवा."

दुखतंय का, काकूंनी विचारलं. दुखत नव्हतं, पण पोट दगडासारखं कडक झालं होतं. परत गेटपाशी येईपर्यंत ते सैल पडलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आडवं व्हा आणि आता रिक्षा बंद. काकूंनी दादांना विचारलं, काम किती दिवस चालेल. गणपती जातील, ते म्हणाले, दिवाळीचंही सांगता येत नाही. ताई बोटांवर महिने मोजायला लागली आणि मधेच थांबली.

वॉचमनच्या बाकावर बसून तिने तिचा फोन माझ्याकडे दिला. "तुझं शिक्षण इंग्लिशमधलं. राजीनामा तू लिही."

मी लिहायला लागले. कारण काय लिहू, असं विचारलं.

"रस्ता लिहिलास तर हसतील. पर्सनल रीझन्स लिही."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. अशा मेलमध्ये लिहितात तसं मी सुरुवातीलाच 'विथ रिग्रेट' घातलं होतं. तिने मला थांबवलं.

"ते काढ. मला खेद नाहीये, राग आलाय."

मी ते शब्द खोडले. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. दादा रिक्षाचं हँडल धरून उभे होते, आम्हा दोघींना अजून स्टेशन गाठायचं होतं. ताईने फोन घेतला, मेल एकदा मनातल्या मनात वाचला आणि माझ्यापुढे धरला.

"राहू दे. घाल परत," ती म्हणाली. "उद्या यांच्याकडूनच अनुभवाचं पत्र लागेल."