छापील बाजू खाली

शेजारच्या सुमनकाकूंनी अंगणात एक जंबो बॅग, म्हणजे टनभर माल मावणारं प्लास्टिकचं विणलेलं पोतं, फाडून अंथरली होती. कारखान्यातली रिकामी बॅग, भंगारवाल्याकडून आणलेली, दोनदा धुतलेली. तिच्यावर कुरडया वाळत होत्या. मी गोदामात काम करते, म्हणून सवयीने कोपरा उलटून पाहिला. खाली गोलात धोक्याच्या मालाच्या बॅगांवर असते ती यू-एनची खूण होती, आकड्यांमध्ये एक इंग्रजी वाय आणि शेजारी तिरक्या चौकोनात कवटी.

“काकू, वाय म्हणजे मध्यम धोक्याचा माल भरायला पास झालेली बॅग. आणि ही कवटी विषाची.”

“म्हणून तर छापील बाजू खाली घातली,” त्या म्हणाल्या. “कुरडयांना शाई नको लागायला.”

म्हणजे विष ज्या बाजूला टेकून होतं, तीच आतली बाजू वर, कुरडयांखाली आली होती.

खूण खोटी नव्हती. बॅग उचलून, आपटून, एकावर एक रचून तपासतात, मगच ती छापतात. रस्त्यात माल सांडू नये म्हणून एवढी काळजी! रिकामी झाल्यावर मात्र तीच बॅग भंगारात. काकू रोज पेपर वाचतात. पण ही भाषा ट्रकसाठी आणि गोदामासाठी लिहिलेली आहे. अंगणातल्या बाईला ती कळावी असं कुणाला वाटलंच नाही.

काकूंनी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाच्या त्या कुरडया घमेल्यात गोळा केल्या. मग त्यांचा हात थांबला.

“गेल्या वर्षीच्याही हिच्यावरच वाळवल्या होत्या गं. डबा भरून लेकीकडे धाडला होता. तिला तेव्हा सातवा महिना होता.”