राबावरची माती

आज शहापुरात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात कुणीतरी पाचोळा पेटवला. तो धूर नाकात गेला आणि मुरबाडजवळचं सासरचं शेत डोळ्यांपुढे आलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, टहाळ, गवत रचून सासूबाईंनी राब पेटवला आणि मला राखणीला बसवून त्या घरी गेल्या. जरा वारा सुटला. पाहते, तर शेजारच्या शेतातली द्रौपदाकाकू आमच्या राबावर माती टाकत होती! बांधावरून आमचं त्यांच्याशी वाजलेलं. ही मुद्दाम आमची आग विझवतेय, मला खात्रीच पटली.

“काकू, माती कशाला टाकताय?”

“जाळ वर चाललाय गो. दाबून हळू जळू दे.”

मी विज्ञान शिकलेली. मला फसवते काय! ती वळताच मी माती उकरून फेकली. जाळ भडकला आणि घटकाभरात सगळी राख झाली. आग उष्णता देते, एवढंच मला ठाऊक. जमिनीने ती शोषायला, आतली ओल सुकून तणाचं बी भाजायला वेळ लागतो, हे सुचलंच नाही.

पावसाळ्यात आमच्या वाफ्यात रोपापेक्षा तणच जास्त आलं. तेव्हा काकू रोपांच्या जुड्या घेऊन दारात आली.

“लावा. आमचं उरलंय.”

आत गवत तर भरलं नाही ना, म्हणून मी एक जुडी सोडून पाहिली. दुसरी जुडी तिने स्वतःच सोडून माझ्यापुढे धरली.