डावा कौल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि अक्काला तर नाहीच. खरं म्हणजे पहिल्यांदा तिलाच सांगायला हवं होतं – पण तिच्यासमोर बसलो की मी पाऊसपाणी, मासे, कुणाचं लग्न ठरलं असलं काहीबाही बोलत सुटतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

रत्नागिरीत मी शाळामास्तर होतो, पण लोक ओळखायचे ते व्याख्यानांमुळे. ऐंशीच्या दशकात इराण-इराकची लढाई चालली होती आणि मी हात धुऊन अमेरिकेच्या मागे लागलो होतो. वाचनालयात, गणेशोत्सवात, एकदा तर पतपेढीच्या वार्षिक सभेतसुद्धा. इराकच्या पाठीवर हात ठेवायचा, इराणला गुपचूप शस्त्रं विकायची, आणि वर जगाला शांततेचे धडे द्यायचे – चोराला म्हणायचं चोरी कर, सावाला म्हणायचं जागा राहा. इथे टाळी ठरलेली. मी तिच्यासाठी थांबायचोही.

पण अमेरिकेला शिव्या देणारे तेव्हा पैशाला पासरी होते. मला बोलवायचे ते भावोजींमुळे. अक्काचे यजमान तेलाच्या जहाजावर होते, आखातात त्यांच्या खेपा व्हायच्या. रजेवर आले की पडवीत बसून सांगायचे – दिवे मालवून जहाज कसं पुढे काढतात, जेवायला बसलेला माणूस आवाज आला की ताट हातात घेऊनच कसा पळतो. ते हसत सांगायचे. मी ते उचलायचो आणि व्यासपीठावरून गंभीर आवाजात सांगायचो. सभा चिडीचूप व्हायची. त्या शांततेची चटक लागते – मला लागली होती.

त्या वर्षी रजा संपत आली तेव्हा भावोजी म्हणाले, "आता पुरे वाटतंय. घरच्या आंब्याच्या कलमांचं बघीन." पण कंपनीचं बोलावणं आलेलं, आणि त्यांचं मन हो-नाहीत अडकलेलं. अमेरिकेनं तेव्हा कुवेतच्या तेलवाहू जहाजांवर आपला झेंडा चढवला होता. त्या झेंड्याच्या जहाजांसोबत युद्धनौका चालायच्या. भावोजींचं जहाज भलत्याच झेंड्याचं. त्याच्यासोबत कोण येणार? हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. झेंडा बघून माणसं वाचवणारी ही कसली शांतता, असं मीच तर सभेत ओरडून विचारत होतो.

अक्का म्हणाली, देवीचा कौल घेऊया. त्यांच्या गावात मोठं काही ठरवायचं तर अजूनही कौल घेतात. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण अक्काच्या जावेला मुलगा झालेला, घराला सोयर. त्यांच्यातल्या कुणाला देवळात पाऊल टाकता येईना.

"अनंता, तू जा," अक्का म्हणाली. "तुझा विश्वास नसला तर नसूदे. देवीला काय त्याचं?"

मी गेलो. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं. मी मागे हाताची घडी घालून, कंटाळून उभा. डावी पाकळी पडली. त्यांनी पाकळ्या पुन्हा लावल्या, पुन्हा विचारलं. पुन्हा डावीच.

"आई नको म्हणत्ये," ते म्हणाले. "जाऊ देऊ नका त्यांना."

परतताना मी स्वतःला काय सांगत होतो? दगड आहे, पाणी सुकतं, पाकळी गळते. बरं, तसं होतं तर घरी सरळ सांगायचं – डावा आलाय, पण मी मानत नाही. तेवढं तरी सांगायचं. नाही सांगितलं. मला भावोजी परत आखातात हवे होते. त्या युद्धनौका डोळ्यांनी पाहून आलेला माणूस मला हवा होता, कारण पुढच्या व्याख्यानमालेत माझं नाव लागलं होतं. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

अक्का दारातच उभी होती. "काय सांगितलान देवीनं?"

"उजवा दिलान," मी म्हणालो.

तिनं देवळाच्या दिशेनं हात जोडले. भावोजी बॅग काढायला आत गेले.

पावसाळ्यानंतर त्यांच्या जहाजाला क्षेपणास्त्र लागलं. इंजिनरूम पेटली. कुणी डागलं ते नक्की कळलं नाही, आणि भावोजींचा देहही घरी आला नाही. गुरवकाका त्याआधीच म्हातारपणानं गेले होते. बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता कौल कुणालाच ठाऊक नाही. सुटलो.

व्याख्यान मी दिलं. अक्का पुढच्या रांगेत, पांढऱ्या कपाळानं. या माणसाचा जीव कुणी घेतला, असं विचारून मी अमेरिकेचं नाव घेतलं. त्यातला एकही शब्द आज मागे घेणार नाही – जे बोललो ते खरं होतं. पण त्या खऱ्याच्या आड मी लपलो होतो. नंतर अक्कानं माझा हात धरला. "त्यांच्यासाठी कोणतरी बोललं," म्हणाली. मी हात सोडवून घेतला नाही.

अक्कानं अमेरिकेला कधी दोष दिला नाही. तिनं देवीला धरलं. "हो म्हणून सांगितलान आणि मला फसवलान." तेव्हापासून ती देवळात गेलेली नाही, ओटी भरलेली नाही. गाव तिच्याबद्दल वाईट बोलतं. शिमग्यात देवीची पालखी घरोघरी येते, तेव्हा मी अक्काकडे असतो. ढोल अंगणाशी आले की ती आतून कडी घालते. पालखी खांद्यावर घेतलेली माणसं माझ्याकडे बघतात.

मी अंगणात उतरतो. देवीला हात जोडतो आणि त्यांना सांगतो, "पुढे न्या."