हिऱ्या बैल आणि बर्गे मॅडमचं ‘हू’

आटपाडीच्या आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, तेव्हा रेश्मा बर्गे इंग्रजी शिकवायला आल्या. माहेर आणि सासर दोन्ही कोरेगाव तालुक्यातलं, घरचा ऊस, नवरा जयराज फौजेत हवालदार. लग्न झालं तेव्हा त्या बारावी होत्या आणि इंग्रजीत कशाबशा सुटल्या होत्या. ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगत, अगदी पालकसभेतसुद्धा.

त्यांचं इंग्रजी सुरू झालं ते उत्तरेकडच्या एका छावणीत. जवानांच्या बायकांचा मेळावा होता. प्रत्येकीनं उभं राहून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची होती. रेश्माताई उठल्या आणि म्हणाल्या, “माय हजबंड जयराज, विच इज हवालदार.” पुढच्या रांगेत खसखस पिकली. दुसरी कुणी खाली बसली असती. या उभ्याच राहिल्या. “हसलात का ते सांगा,” त्यांनी हिंदीत विचारलं. “चूक सांगितल्याशिवाय मी बसणार नाही.”

तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या कुरियन नावाच्या बाई होत्या. त्या उठून जवळ आल्या आणि म्हणाल्या, “माणसासाठी ‘हू’, वस्तूसाठी ‘विच’. तू नवऱ्याला खुर्ची-टेबलात नेऊन बसवलंस.”

आता रेश्माताईही हसल्या. पण डोकं चालूच होतं. आपल्याकडे जो माणूस आणि जो दगड. जी बाई आणि जी भिंत. म्हणजे मराठी विचारते, पुरुष की बाई? इंग्रजी विचारते, माणूस की वस्तू?

“एवढंच हाय व्हय?” त्या मराठीतच बोलून गेल्या. “मग सोपंच हाय की!”

दुसऱ्या दिवसापासून त्या कुरियनबाईंच्या घरी जाऊ लागल्या. बदली होईल त्या गावी नवी बाई शोधायची आणि शिकणं चालू ठेवायचं. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालं, मग साताऱ्यात राहून बी.एड. जयराज सीमेवर असताना आटपाडीची जाहिरात त्यांनी वाचली आणि मुलीला घेऊन त्या थेट इकडे आल्या. दुष्काळी भागात कशाला जातेस, असं सासरचे म्हणाले. “ऊस नसला तरी पोरं असतीलच की तिथं,” असं त्यांचं उत्तर.

नववीच्या वर्गात संबंधी सर्वनामं आली आणि घोळ झाला. ‘जी मुलगी काल आली ती माझी बहीण आहे’ याचं इंग्रजी पोरं करायची, “हू गर्ल केम येस्टरडे, शी इज माय सिस्टर.” आधीच्या शिक्षकांनी नियम पाठ करून घेतले होते. पोरं नियम घडाघडा म्हणायची आणि वाक्य तसंच चुकीचं लिहायची.

मधल्या सुट्टीत रेश्माताई माझ्याकडे आल्या. “सर, आपल्यात जी आणि ती अशी जोडी का लागते?”

मी जो-तो, जी-ती, जे-ते असं सगळं प्रकरण सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे पोरं चुकत न्हाईत. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहित्यात. मग मी मराठीतूनच सुरुवात करते.”

त्या दिवशी त्यांनी पोरांनाच शब्द केलं. एकेक जण एकेक शब्दाचा कागद छातीशी धरून ओळीत उभा. शिवांजली नावाची मुलगी ‘गर्ल’ झाली. “आपल्या वाक्यातली ‘जी’ मुलीच्या पुढं चालते,” त्या म्हणाल्या, “इंग्रजीतली ‘हू’ तिच्या पाठीमागं. ‘हू’, जा शिवांजलीच्या मागं! आणि ‘शी’, तुझं काम संपलं, तू खाली बस.” ‘शी’ झालेली मुलगी फुरंगटून खाली बसली. वर्ग हसला. ‘द’ला पुढं उभं केल्यावर ओळीत बरोबर वाक्य उरलं, “द गर्ल हू केम येस्टरडे इज माय सिस्टर.”

आमच्या शाळेत वर्गात मराठी बोलायला बंदी होती. तशी पाटीच जिन्यापाशी लावलेली. एका पालकानं तक्रार केली आणि संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब यांनी मॅडमना बोलावून घेतलं. लालासाहेब जुने डाळिंबवाले, आवाज मोठा. मी कार्यालयातच होतो.

“मॅडम, फी इंग्रजीची आनि शिकवायचं मराठीत? लोक काय म्हनतील?”

“आवं साहेब, लोकांचं राहू द्या,” रेश्माताई शांतपणे म्हणाल्या. “तुमी एक तास माझ्या वर्गात मागं बसा. न्हाई पटलं तर मग पाटीवरचा नियम मी पाळीन.”

लालासाहेबांना असं कुणी बोलत नसे. ते कोड्यात पडले, पण आले. मलाही सोबत घेतलं.

सुरुवात काही बरी झाली नाही. अध्यक्षांना पाहून पोरं आखडली. पहिल्याच पोरानं उभं राहून जुनंच चुकीचं वाक्य म्हटलं. मॅडम मात्र जराही गडबडल्या नाहीत. “कागद ठेवा खाली,” त्या म्हणाल्या. “घरातलं कुणीतरी डोळ्यांपुढं आणा आणि त्याच्यावर वाक्य सांगा.”

मग वाक्यं येऊ लागली. कुणाच्या आजोबांवर, कुणाच्या विहिरीवर. ‘हू’ आणि ‘विच’ आपापल्या जागी बसत होते. शिवांजली उठली. “हिऱ्या इज आवर बुलक हू नोज द वे होम.” घरची वाट ओळखणारा आमचा बैल.

“छान. पण बैल आहे ना? मग ‘विच’,” मॅडम म्हणाल्या.

शिवांजली बसली नाही. “मॅडम, हिऱ्या वस्तू हाय का?”

मॅडम उत्तर देणार, एवढ्यात मागून लालासाहेबांचा आवाज आला, “बराबर बोलतीय पोरगी! खिलार बैलाला ‘विच’ कसं म्हनायचं? आमचा पाखऱ्या गेला तवा घरात दोन दिस चूल पेटली न्हवती!”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण वर्गात मराठीत बोललो. पोरं तोंडावर हात धरून हसायला लागली. लालासाहेबही हसले.

“मी उद्या नीट पाहून सांगते,” मॅडम शिवांजलीला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी येताच त्यांनी सांगितलं, “काल मी अर्धंच सांगितलं होतं. नाव ठेवलेलं, माणसाळलेलं जनावर असेल तर इंग्रज लोकही ‘हू’ म्हणतात. शिवांजलीचं वाक्य बरोबर होतं.” शिवांजली दिवसभर ताठ मानेनं फिरत होती.

जिन्यापाशी पाटी तशीच राहिली. तिच्याकडे बोट दाखवून मॅडमना कुणी पुन्हा टोकलं नाही, एवढंच. महिन्याभरानं लालासाहेबांनी आपल्या सुनेला संध्याकाळी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला पाठवलं. तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी बायका आल्या. भाड्याच्या खोलीत जागा पुरेना, म्हणून शाळेचाच एक वर्ग संध्याकाळी उघडून मिळाला.

पुढं जयराज निवृत्त झाले. कोरेगावला चला म्हणून ते न्यायला आले होते. बायकोचा संध्याकाळचा वर्ग त्यांनी दारात उभं राहून पाहिला आणि घरी येऊन म्हणाले, “हितंच घर बघू गड्या. तुझी पलटण लय मोठी हाय.” आता त्यांचं आटपाडीतच घर आहे. शिवांजली सांगलीला नर्सिंगला आहे आणि मॅडमना फोन करते तेव्हा मुद्दाम इंग्रजीत बोलते.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीला इंग्रजीच्या शिक्षकांसाठी शिबिर होतं. रेश्माताईंना शिकवायला बोलावलं होतं. त्यांनी शिक्षकांच्या हातात कागद दिले आणि ओळीत उभं केलं. एका तरुण शिक्षकानं विचारलं, “मॅडम, वर्गात असं मराठी बोलायची परवानगी कुणाकडून घेतली तुम्ही?”

“परवानगी नाही मागितली. अध्यक्षांना मी वर्गात या म्हणाले,” रेश्माताई म्हणाल्या. “तुम्हीही तसंच म्हणा.” आणि लगेच त्यालाच पुढं बोलावून ‘हूज’चा कागद हातात दिला.